घरी पॅलिएटिव्ह केअर चालू असेल तर फोन कसा वापरायचा, आमच्या घरच्या अनुभवावरून

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, घशाचा कॅन्सर होता आणि शेवटचे पाच महिने ते कोपरखैरणेला घरीच होते. डॉक्टरांनी सांगितलं की आता केमो देऊन उपयोग नाही, त्रासच वाढेल, आता दुखणं, धाप, झोप, खाणंपिणं हे सांभाळायचं, आणि पॅलिएटिव्ह केअरच्या टीमकडे पाठवलं. दादा-वहिनी अण्णांजवळ, दादाची नाईट शिफ्ट, आई स्वतः शुगरची पेशंट आणि मी ऐरोलीला, त्यामुळे निम्म्याच्या वर काम फोनवरच होणार हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पण फोन नक्की कशासाठी वापरायचा आणि कुठे बाजूला ठेवायचा हे कोणी समोर बसवून सांगितलं नाही, सगळं चुकत चुकत शिकलो. तुमच्याकडे असं कोणी अंथरुणावर असेल तर निदान त्याच चुका परत होऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे "आता काही उरलं नाही" असं नसतं. आजार मोठा आहे हे कळल्यापासून, उपचार चालू असतानासुद्धा ती घेता येते, आणि जितकी लवकर टीमशी ओळख होईल तितका नंतर फोनवर आवाज ऐकून त्यांना पेशंट कळतो. टाटा मेमोरियलला यासाठी वेगळा विभाग आहे, घरी ठेवणं शक्यच नसेल तर वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना ठेवून सांभाळणारी जागा. तुमचं हॉस्पिटल कुठलंही असो, पहिल्याच दिवशी विचारा, तुमची होमकेअर टीम आमच्या भागात येते का, आणि रात्री कुठला नंबर लावायचा.

माझ्या मते फोनचं काम एकच. पेशंटला उचलून, रिक्षात घालून, ओपीडीच्या लाईनीत बसवायची वेळ जितकी टाळता येईल तितकी टाळणं. एखादं ॲप किंवा मशीन हे करत असेल तर ठेवा, नसेल तर घरात आणू नका.

सुरुवात अशी करा की टीमशी बोलणारा माणूस एकच ठरवा आणि नंबरही एकच द्या. आमच्याकडे पहिल्या पंधरा दिवसात दादा, वहिनी आणि मी तिघंही टीमच्या सिस्टरला वेगवेगळा फोन करत होतो, मी म्हणायचे झोप लागत नाही, वहिनी म्हणायची दिवसभर झोपूनच असतात, दोन्ही खरंच होतं पण त्या बिचारीने काय समजायचं. मग मी एकटीने बोलायचं ठरलं आणि मी नसेन तेव्हा वहिनीने. व्हॉट्सॲपवर एक छोटा ग्रुप केला, त्यात फक्त जे प्रत्यक्ष हात लावतात ते, म्हणजे आम्ही तिघं आणि शेजारच्या काकू. गावचा पन्नास जणांचा ग्रुप वेगळा ठेवा, दोन्हीची सरमिसळ होऊ देऊ नका. छोट्या ग्रुपमध्ये मेसेज आपोआप डिलीट व्हायचं सेटिंग बंद करा, आणि औषधांची आत्ताची यादी वर पिन करून ठेवा, बदलली की जुनी काढून नवी पिन करा.

फाईलचं काम एकदाच बसून उरकून टाका, दीड-दोन तास जातील. सगळ्या कागदांचे फोटो काढत बसू नका, तीनच कागद कामाचे असतात, बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी. हे नीट उजेडात, सपाट ठेवून स्कॅन करा, पीडीएफ करा आणि नावात तारीख आणि फाईल नंबर घाला, नाहीतर रात्री दोन वाजता "आयएमजी" ने सुरू होणारे शंभर फोटो चाळत बसाल. आभा नंबर, म्हणजे सरकारचा हेल्थ आयडी, काढला नसेल तर काढून ठेवा, १४ आकडी असतो, बरीच हॉस्पिटलं रिपोर्ट त्याला जोडतात. पण ओटीपी कोणी फोन करून मागितला तर द्यायचा नाही, तो कितीही हॉस्पिटलमधून बोलतोय म्हणाला तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुखणं सांगायचं कसं. टीम विचारते, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, तर आज किती. अण्णांना हे जमेचना. वाशीच्या एपीएमसी मार्केटला आयुष्यभर माथाडी होते ते, कधी कोणाला दुखतंय म्हणून सांगितलेलं नाही, काहीही विचारलं की हात हलवून "बरं आहे". एक दिवस मी सहज विचारलं, अण्णा, आज पाठीवर किती किलो आहे? त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि बोटांनी दाखवलं, साठ. दुपारच्या गोळीनंतर विचारलं तर तीस. त्या दिवसापासून आमच्या वहीत किलोच लिहिलेत, शंभरची गोणी म्हणजे दहा, पन्नासची म्हणजे पाच, आणि सिस्टरला पाठवताना मी शून्य काढून पाठवायचे. तुमच्या माणसाला जी मोजणी अंगवळणी पडलेली असेल ती वापरा, बाईमाणूस असेल तर हंडा-कळशी चालेल. ज्यांना बोलताच येत नाही किंवा विसराळूपणा आहे त्यांचा चेहरा, कण्हणं, कूस बदलताना अंग आखडतंय का ते बघा, आणि शक्य असेल तर कूस बदलतानाचा वीस सेकंदाचा व्हिडिओ पाठवा, आमच्या सिस्टर म्हणायच्या की त्यातून दहा मेसेजेसपेक्षा जास्त कळतं.

मेसेज कसा लिहायचा त्याचाही एक साचा करून घ्या. "अण्णांना खूप त्रास होतोय प्लीज लवकर रिप्लाय करा" याने समोरच्याला काहीच कळत नाही, आणि आपण घाबरलेलो असतो तेव्हा नेमका असाच लिहिला जातो. माझा रोज सकाळी नऊचा मेसेज असा असायचा (त्यातलं मॉर्फिन म्हणजे जोराच्या दुखण्यावरचं औषध):

"फाईल नंबर अमुक. दुखणं रात्री ६, आत्ता ४. मॉर्फिन ठरलेल्या सगळ्या वेळांना दिली, मधली जास्तीची १ दिली पहाटे ३ ला, अर्ध्या तासात फरक पडला. संडास ३ दिवस नाही. उलटी नाही. लघवी ठीक. पेज दोन वाट्या. नवीन काय तर उजव्या टाचेला लाली आहे, फोटो पाठवते. आजचा प्रश्न, पोट साफ व्हायचं औषध वाढवू का?"

बघा, यात प्रश्न एकच आहे आणि तो शेवटी आहे. एका मेसेजमध्ये चार प्रश्न टाकले तर एकाचंच उत्तर येतं. आणि खरंच तातडीचं असेल तर मेसेज नाहीच, फोन. तातडीचं म्हणजे काय हे टीमकडून आधीच लिहून घ्या आणि कागद फ्रीजवर चिकटवा. आमच्या कागदावर होतं, रक्तस्राव, अचानक धाप, फिट, दोन जास्तीच्या डोसनंतरही न थांबणारं दुखणं, आणि हाक मारून, हलवूनही नीट जाग न येणं. घशाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये रक्त येऊ शकतं म्हणून सिस्टरने गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवायला सांगितले होते, पांढऱ्या टॉवेलवर रक्त बघून पेशंट आणि घरचे दोघंही हबकतात.

जखमेचा फोटो काढताना दिवसाच्या उजेडात, बाजूला पाच रुपयाचं नाणं किंवा पट्टी ठेवून, रोज त्याच अंतरावरून काढा, म्हणजे वाढतेय की भरतेय ते कळतं. चेहरा येऊ देऊ नका. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो धुरकट होतो. आणि गॅलरीचं आपोआप बॅकअप बंद करा, आमच्या घरी ही काळजी घेतली नाही आणि अण्णांच्या मानेच्या जखमेचा फोटो घरच्या टीव्हीवर स्लाईडशोमध्ये आला, समोर माझी आठ वर्षांची भाची बसली होती.

व्हिडिओ कॉलची वेळ मिळाली तर पंधरा मिनिटं आधी तयारी करा. उजेड पेशंटच्या चेहऱ्यावर हवा, खिडकी मागे नको. टीव्ही, मिक्सर, कुकर बंद. ताप, बीपी आधीच मोजून लिहून ठेवा, औषधांच्या स्ट्रिप्स एका ताटात काढून ठेवा कारण डॉक्टर म्हणतातच, जरा दाखवा कुठली चालू आहे. रेंजचं आधी बघा. एका ठिकाणी आम्हाला दुपारी दोनची वेळ दिलेली, लिंक उघडून आम्ही अण्णांना उशा लावून बसवून ठेवलं, पाच वाजेपर्यंत समोर कोणी आलं नाही आणि तोवर अण्णांची मान कलंडलेली. त्या दिवशी मी खूप रडले. तेव्हापासून नियम केला, पेशंटला आधी बसवायचं नाही, डॉक्टर स्क्रीनवर आले की मग फोन घेऊन त्यांच्याजवळ जायचं, आणि बसता येत नसेल तर झोपूनच दाखवायचं. आणि कॉल संपायच्या आधी डॉक्टरांनी जे सांगितलं ते आपल्या शब्दात परत म्हणून दाखवा, निम्मे घोळ तिथेच सुटतात. पेशंटला बोलता येत नसेल तर घरच्याने त्याच्या वतीने बोललेलं नियमात बसतं, फक्त नातं आणि पेशंटची संमती आहे हे सुरुवातीला सांगा. सरकारचं ई-संजीवनी, म्हणजे ऑनलाईन डॉक्टरशी बोलायची सोय, फुकट आहे, ताप-खोकला, पोट बिघडणं अशा गोष्टींना कामाला येतं, पण दुखण्याचे डोस मात्र आपल्याच टीमकडून, त्यांना पेशंट माहीत असतो.

मॉर्फिनबद्दल नीट वाचा कारण इथे भले भले अडकतात. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे जे नियम आले त्यात नार्कोटिक कायद्याखालची औषधं फोनवरून, व्हिडिओवरून लिहून द्यायला बंदी आहे, आणि मॉर्फिन त्यातच येतं. म्हणजे डॉक्टर चालू चिठ्ठीतला डोस कसा घ्यायचा हे फोनवर समजावतील, पण नवीन चिठ्ठी व्हॉट्सॲपवर मिळणार नाही, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. साध्या मेडिकलमध्येही बहुतेक वेळा मिळत नाही, मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधूनच घ्यावं लागतं. २०१४ मध्ये कायदा बदलून ही मान्यता सोपी केली, पण तरी सगळीकडे साठा नसतो. म्हणून फोनमध्ये दर रविवारी एक रिमाइंडर लावा, "गोळ्या मोजा", आणि दहा दिवसांच्या उरल्या की निघा. पेशंटला न नेता कोणी जाऊ शकतं का, काय काय कागद लागतील, हे आधी फोन करून विचारा. कोपरखैरणेहून ठाणे-पनवेल लोकलने खारघरच्या हॉस्पिटलला जाऊन येणं एका सकाळीत होतं, पण कुठला कागद विसरला म्हणून परत जायचं झालं तर अख्खा दिवस जातो आणि तो दिवस घरी कोणालातरी भारी पडतो.

मॉर्फिनने व्यसन लागेल म्हणून बरेच जण गोळी चुकवतात, आमचा दादासुद्धा आधी चुकवायचा. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये घेतली तर ती भीती धरून बसू नका, दुखणं वर आल्यावर खाली आणायला जास्त त्रास होतो. त्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध मात्र रोज हवंच. आणि पेशंट हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार हळू झाला असेल तर पुढची गोळी देऊ नका, लगेच टीमला फोन.

चार-चार तासांचे अलार्म फोनमध्ये लावा, पण त्याची ट्यून सौम्य ठेवा, अण्णा पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी दचकून उठायचे. मध्यरात्रीचा डोस टाळण्यासाठी झोपताना वेगळा डोस देतात, ते डॉक्टरांना विचारा, मनाने करू नका. आणि एवढं डिजिटल सांगतेय तरी हे ऐका, उशाशी दोऱ्याने पेन बांधलेली साधी दोनशे पानी वही ठेवाच. एकदा वहिनीने रात्री साडेनऊला गोळी दिली आणि ग्रुपवर टाकायला गेली तर फोन चार्जिंगला, मग राहूनच गेलं, दहाला मी अलार्म वाजला म्हणून गोळी वाटीत कुटून पाणी घालून चमचा अण्णांच्या तोंडाशी नेला, त्यांनी ओठ मिटले आणि एक बोट वर केलं. झाली म्हणून सांगत होते. त्यांना शुद्ध होती म्हणून वाचलो. तेव्हापासून आधी वहीत वेळ आणि सही, मग गोळी.

ऑक्सिमीटर. आमच्याकडे कोविडमधला होता, दादा दर दहा मिनिटांनी लावायचा, ९१ आला की घरात धावपळ, ९३ आला की शांत. धाप लागणं आणि तो आकडा यांचा मेळ दरवेळी बसत नाही, आकडा चांगला असून जीव कासावीस होतो आणि उलटही होतं, शिवाय बोटं गार असतील, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडाच चुकतो. सिस्टरने तो कपाटात ठेवायला लावला आणि म्हणाल्या, त्यांना विचारा, जीव घुटमळतोय का. छोटा टेबलफॅन घ्या आणि वारा गालावर, नाकाजवळ लागेल असा ठेवा, धाप खरंच कमी वाटते, अण्णा तर फॅन स्वतः हाताने वळवून घ्यायचे. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं असेल तर लाईट गेल्यावर काय हे आणायच्या आधी ठरवा, सगळ्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही, मशीनच्या लेबलवरचे वॅट इन्व्हर्टरवाल्याला दाखवा किंवा एक सिलिंडर भरून ठेवा. महावितरणच्या ॲपवर नंबर रजिस्टर केला की ठरलेल्या शटडाऊनचा मेसेज येतो. आणि त्या खोलीत समई, उदबत्ती नाही, आईला पटायला वेळ लागला पण देव शेवटी स्वयंपाकघरात गेले.

आवाजाबद्दल आम्हाला उशीर झाला आणि ती रुखरुख राहिली. घशाच्या पेशंटचा आवाज जाणार असेल तर जायच्या आधी रेकॉर्ड करून ठेवा. मोठं काही नको, नातवंडांना रोज मारतात ती हाक, आईला चहासाठी मारलेली हाक, गावच्या जत्रेची एखादी आठवण. आवाज गेल्यावर फोनमध्ये मराठी टाईप करून बोलून दाखवणारी सोय असते, पण अण्णांना टाईप जमत नव्हतं, मग वहिनीने फोनवर आठ फोटो काढून एक अल्बम केला, पाणी, कूस बदला, दुखतंय, संडास, पंखा, लाईट बंद, आईला बोलवा आणि सगळे बाहेर जा. हा शेवटचा सगळ्यात जास्त वापरला गेला.

सगळे बाहेर जा वरून, गावाकडच्या व्हिडिओ कॉलचं. पाटणहून रोज सात-आठ कॉल यायचे, प्रत्येकाला अण्णांचं तोंड बघायचं असायचं, आणि अण्णांना दर वेळी चेहरा ठीक करून हात वर करावा लागायचा. माया असते, नाही म्हणवत नाही. मी मोठ्या ग्रुपवर लिहिलं की संध्याकाळी साडेसहा ते सात, तेही अण्णांनी मान हलवली तर, बाकी वेळी व्हॉइस मेसेज पाठवा, आम्ही ऐकवतो. त्यांना ते खूप आवडलं, चुलत्यांचा मेसेज रात्री कानाशी लावून तीन-तीनदा ऐकायचे. पेशंटचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही हेही त्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. गोमूत्र, अमुक झाडाची पानं, तमुक वैद्य असे फॉरवर्ड येणारच, वाद घालू नका, "डॉक्टरांना विचारून सांगते" एवढं लिहा आणि काहीही नवीन द्यायच्या आधी खरंच विचारा.

कागदपत्रांचं बोलणं जड जातं पण माणूस शुद्धीत असतानाच करा, त्यांच्या फोनचा पिन, बँकेचं नॉमिनी, गॅस आणि लाईटबिल कोणाच्या नावावर. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला जीवन प्रमाण ॲपवर चेहरा स्कॅन करून घरबसल्या होतो, बँकेत उचलून न्यायची गरज नाही. व्हेंटिलेटर नको असं त्यांच्या मनात असेल तर तसं लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही पुरते. त्याची पीडीएफ छोट्या ग्रुपमध्ये पिन करा आणि टीमलाही पाठवा, नाहीतर ऐनवेळी कागद कपाटात आणि पेशंट आयसीयूत असं होतं.

हे सगळं करताना तुम्ही स्वतः मोडून पडाल असं वाटलं तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. मी एकदा दोन वाजता गॅलरीत उभं राहून केला होता.

शेवटच्या दिवसात श्वासाचा घरघर आवाज येतो, हातपाय गार पडतात, पाणीही नको होतं. हे काय होणार ते सिस्टरकडून आधीच व्हॉइस मेसेजवर मागून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना ऐकवा, म्हणजे घाबरून कोणी १०८ लावून पेशंटला हॉस्पिटलकडे पळवत नाही, शेवटचा श्वास घरीच घ्यायचा हे त्यांचं ठरलेलं असेल तर. घरी मृत्यू झाला की डॉक्टरचं मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म ४ए म्हणतात, त्याशिवाय स्मशानात अडवतात. जे फॅमिली डॉक्टर येऊन बघून गेलेत त्यांना आधीच विचारून ठेवा की रात्री-अपरात्री याल का, आणि त्यांना ती तीन पीडीएफ आधीच पाठवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची.

नंतर अलार्म सगळे काढून टाका, मशीन भाड्याचं असेल तर परत न्यायचा मेसेज टाका, भाडं चालू राहतं. उरलेली मॉर्फिन कोणाला देऊ नका आणि घरात ठेवू नका, मोजून, वहीत आकडा लिहून, जिथून आणली तिथे परत द्या. आमच्याकडे चौदा गोळ्या उरल्या होत्या, दादा तेराव्यानंतर जाऊन देऊन आला, आणि येताना सिस्टरना भेटून आला.